आज्ञापत्रातील दुर्ग आणि आजचा प्रेक्षक : कोल्हापूर परिसरातील किल्ला, संग्रहालय व अभयारण्य यांच्या दर्शनाची चिकित्सा

प्रस्तावना

किल्ला पाहणे, संग्रहालय पाहणे आणि अभयारण्य पाहणे या तीन क्रिया महाराष्ट्रात आता परस्परांपासून पूर्णपणे अलग झाल्या आहेत. किल्ल्यावर इतिहासप्रेमी जातो, संग्रहालयात प्रामुख्याने शालेय सहली जातात आणि अभयारण्याची वाट निसर्गप्रेमी धरतो. या स्थळांचा कारभार पुरातत्त्व, वन, पर्यटन आणि स्थानिक स्वराज्य संस्था अशा निरनिराळ्या यंत्रणांकडे विभागलेला आहे. कारभाराच्या सोयीसाठी केलेली ही विभागणी हळूहळू पाहणाऱ्याच्या दृष्टीतही उतरली, हा या विषयातील चिंतेचा भाग होय. ज्या परिसरात हे तिन्ही एकमेकांच्या आधाराने उभे राहिले, त्या परिसराचे एकसंध आकलन प्रेक्षकाला होत नाही.

प्रस्तुत निबंधात या प्रश्नाची चिकित्सा कोल्हापूर परिसराच्या आधारे केली आहे. पन्हाळगड, कोल्हापूरचे टाऊन हॉल संग्रहालय आणि राधानगरी अभयारण्य ही तीन स्थळे त्यासाठी निवडली आहेत. चिकित्सेचा निकष बाहेरून आणण्याऐवजी याच मातीतील एका ग्रंथातून घेतला आहे. तो ग्रंथ म्हणजे रामचंद्रपंत अमात्यांचे 'आज्ञापत्र'. या ग्रंथातील दुर्गप्रकरण मराठीच्या अभ्यासक्रमात शैलीचा नमुना म्हणून आणि इतिहासात राजनीतीचे साधन म्हणून वाचले जाते. स्थळ कसे पाहावे याचा वस्तुपाठ म्हणून त्याचे वाचन फारसे झालेले नाही. ते तसे वाचता येते का, आणि तसे वाचताना त्याच्या कोणत्या मर्यादा जाणवतात, हे येथे पाहावयाचे आहे.

आज्ञापत्रातील दुर्ग : एक नांदते घर

रामचंद्र नीलकंठ अमात्य हे शिवछत्रपतींच्या काळापासून स्वराज्याच्या सेवेत होते. संभाजीराजे, राजाराम महाराज, ताराबाई आणि पुढे कोल्हापूरचे दुसरे संभाजी एवढ्या राजवटी त्यांनी पाहिल्या. आज्ञापत्राची रचना १७१५ च्या सुमाराची मानली जाते. त्या वेळी करवीर राज्याची राजधानी पन्हाळा होती आणि १७८२ मध्ये ती कोल्हापुरास हलेपर्यंत तेथेच राहिली. अमात्यांची समाधीही पन्हाळ्यावरच आहे. औरंगजेबाच्या स्वारीत मुलूख लुटला जात असताना राज्य गडांच्या आश्रयाने टिकले, हा अनुभव गाठीशी असलेल्या मनुष्याचे हे लेखन आहे. त्यामुळे त्यातील दुर्गविचाराला पुस्तकी विद्वत्तेचा वास नाही.

या प्रकरणाचा पहिला विशेष असा की, त्यात गडाचा विचार पाण्यापासून सुरू होतो. गड बांधण्यापूर्वी पाणी पाहावे. पाणी नसेल आणि स्थळ तर बांधणे अगत्याचे असेल, तर खडक फोडून टाकी खोदावीत, अशी सूचना अमात्य करतात. एखादा झरा पुरेसा वाटला तरी त्यावर विसंबू नये, कारण लढाईत तोफांच्या आवाजाने झरे आटतात, असा इशाराही ते देतात. मग दरवाजांची रचना येते, जवळच्या उंच टेकडीचा धोका येतो आणि दारूखाना वस्तीपासून दूर ठेवण्याची ताकीद येते.

दुसरा विशेष गडावरील झाडांविषयीचा आहे. असलेली झाडे राखावीत आणि आंबा, फणस, चिंच, वड, पिंपळ यांसारखी मोठी, तसेच लिंबू, नारिंग यांसारखी लहान झाडे नव्याने लावावीत, असे अमात्य सांगतात. फुलझाडेही ते वगळत नाहीत. ज्या झाडाचा एरवी काही उपयोग नाही, तेही प्रसंगी लाकूड म्हणून कामी येईल, असा हिशोब त्यामागे आहे. याच ग्रंथातील आरमाराच्या प्रकरणात जहाजांसाठी लागणाऱ्या लाकडाचा विचार येतो. तेथे रयतेच्या आंबा-फणसांना हात लावू नये, कारण ती झाडे रयतेने लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात, असे बजावले आहे. एखादे झाड जीर्ण झाले असेल, तर मालकाला राजी करून आणि मोल देऊनच ते घ्यावे, अशी तरतूद आहे.

तिसरा विशेष आजच्या वाचकाला चकित करणारा आहे. गडावरचा केरकचरा खाली टाकू नये, जागच्या जागी जाळावा आणि त्याची राख परसात घालून घरोघर भाजीपाला करावा, असे अमात्य लिहितात. राज्याच्या रक्षणाचा विचार करणारा हा प्रधान परसातल्या भाजीपर्यंत येतो. पुढे गडावर कोणकोण असावे याची यादी आहे. त्यात वैद्य आहेत, जखमा बांधणारे आहेत, लोहार, सुतार, पाथरवट आणि चांभार आहेत.

या तिन्ही विशेषांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. आज्ञापत्रातील दुर्ग म्हणजे केवळ तटबंदी नव्हे. पाणी, धान्य, लाकूड, कारागीर, औषध आणि कचरा या सर्वांची व्यवस्था असलेले ते एक नांदते घर आहे. त्या घराचा परीघ तटाबाहेर घेऱ्यातील रानापर्यंत, गावांपर्यंत आणि घाटवाटांपर्यंत पसरलेला आहे. आजच्या प्रेक्षकाला या घराचे कोणते भाग दिसतात, हा आपला पुढील प्रश्न आहे.

पन्हाळा : पराक्रमाचे स्थळ, वस्तीचे स्थळ

पन्हाळ्याचा इतिहास शिलाहार राजा दुसरा भोज याच्यापर्यंत, म्हणजे बाराव्या शतकापर्यंत मागे जातो. पुढे बहमनी, आदिलशाही, मराठे, मोगल आणि ब्रिटिश यांच्या खुणा त्यावर उमटल्या. १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवछत्रपती निसटले, शिवा काशिदांनी त्यांचे सोंग घेऊन मरण पत्करले आणि बाजीप्रभूंनी खिंड लढविली. १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंदांनी मोजक्या लोकांनिशी गड परत घेतला. या घटना मराठी मनावर कोरलेल्या आहेत आणि गडावर येणारा बहुतेक प्रेक्षक याच घटना मनात घेऊन येतो. स्थळाला भेट देण्याची ही रीत तीर्थयात्रेच्या जवळची आहे. ती कमी लेखण्याचे कारण नाही. दरवर्षी पावसाळ्यात पन्हाळा ते पावनखिंड चालत जाणारे हजारो तरुण मसाई पठार तुडवतात, ओढे ओलांडतात, चिखलात रुततात. गड आणि रान यांचा जुना संबंध पायांनी समजून घेण्याचा हा एक मार्गच आहे.

परंतु यात्रेकरूची दृष्टी काही गोष्टी ओलांडून पुढे जाते. अंबरखान्याची गंगा, यमुना, सरस्वती ही धान्याची कोठारे पन्हाळ्यावरील सर्वांत बोलक्या वास्तूंपैकी होत. त्यांच्या भव्यतेचे वर्णन होते. पण हे धान्य कोणत्या गावांतून येई, ते कोण वाहून आणी आणि वेढ्याच्या महिन्यांत ते किती माणसांना पुरवावे लागे, हे प्रश्न उपस्थित होत नाहीत. अंधार बावीच्या बाबतीतही असेच घडते. ही बहुमजली वास्तू म्हणजे विहीर आणि चौकी यांचा एकत्रित विचार आहे. आज्ञापत्रातील पाण्याविषयीची चिंता समजावून सांगण्यासाठी याहून उत्तम उदाहरण शोधून सापडणार नाही. प्रत्यक्षात मात्र चोरवाट आणि गूढता यांच्या कथांतच तिचे दर्शन आटोपते.

पन्हाळ्याचे आणखी एक वेगळेपण असे की, तो आजही वस्तीचा गड आहे. तेथे नगरपरिषद आहे, शाळा आहेत, पिढ्यान्‌पिढ्या राहणारी कुटुंबे आहेत. कविवर्य मोरोपंतांचा जन्म १७२९ मध्ये याच गडावर झाला, ही गोष्टही गडावरील नागरी जीवनाची साक्ष देते. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने 'मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाने बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यांपैकी अकरा महाराष्ट्रातील आणि एक, जिंजी, तमिळनाडूतील आहे. पन्हाळा त्या अकरांत आहे. नामांकनाच्या काळात पन्हाळ्यावरील रहिवाशांनी आपल्या घरांविषयी आणि व्यवसायांविषयी धास्ती व्यक्त केली होती. ही धास्ती केवळ नियमांच्या अज्ञानातून आली, असे म्हणून तिची बोळवण करता येणार नाही. गडाची प्रचलित प्रतिमाच निर्मनुष्य आहे. तट, बुरूज, दरवाजे आणि पुतळे यांच्या त्या चित्रात राहती माणसे अडथळा वाटू लागतात. अमात्यांच्या गडाची गोष्ट याच्या उलट आहे. त्यातून माणसे काढली तर गडच शिल्लक राहत नाही.

मराठी साहित्यातही हा भेद आढळतो. गो. नी. दांडेकरांनी (१९१६-१९९८) दोन प्रकारांनी दुर्ग लिहिले. 'दुर्गभ्रमणगाथा'सारख्या लेखनात गडांवर भक्ती करणारा भटक्या केंद्रस्थानी आहे. 'पवनाकाठचा धोंडी' आणि 'माचीवरला बुधा' या कादंबऱ्यांत मात्र गडाच्या सावलीत राहणारा माणूस केंद्रस्थानी येतो. दुर्गप्रेमींच्या पुढील पिढ्यांनी पहिल्या दांडेकरांचे अनुकरण उत्साहाने केले. दुसऱ्या दांडेकरांकडे त्या मानाने दुर्लक्ष झाले. ललित वाङ्मयाने दाखविलेली ही वाट स्थळदर्शनाच्या व्यवहारात उतरली नाही, हे आपल्या दुर्गसंस्कृतीचे एक मोठे उणेपण होय.

संग्रहालय : वस्तू आणि तिची वाट

कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयाचा जन्म मुळात एका उत्खननातून झाला. पंचगंगेच्या काठी असलेल्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ मध्ये उत्खनन झाले. तेथील अवशेषांच्या निमित्ताने संग्रहालयाची स्थापना झाली आणि पुढे ते चार्ल्स मांट यांनी आराखडा केलेल्या टाऊन हॉलच्या इमारतीत आले. ब्रह्मपुरी येथे मिळालेली, ग्रीक-रोमन समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती हे या संग्रहाचे भूषण मानले जाते. सातवाहनकालीन कोल्हापूरचा रोमन व्यापाराशी असलेला संबंध तिच्यावरून अभ्यासकांनी दाखविला आहे.

समुद्रापासून सह्याद्रीच्या भिंतीने तोडलेल्या गावात समुद्रदेव कसा आला, हा या मूर्तीपुढे उभ्या राहणाऱ्या प्रेक्षकाच्या मनात यावयास हवा असा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर काचेच्या कपाटात सापडणार नाही. ते घाटवाटांत आहे. फोंडा, बावडा, आंबा या घाटांनी कोकणची बंदरे आणि देश जोडलेले होते. पन्हाळा, विशाळगड, गगनगड या किल्ल्यांचे महत्त्वही याच वाटांमुळे होते. रामचंद्रपंतांच्या घराण्याची जहागीरही बावडा या घाटमाथ्यावरील गावी होती. म्हणजे संग्रहालयातील मूर्ती, डोंगरावरील किल्ला आणि घाटातील रान या तिन्हींना जोडणारा धागा व्यापाराच्या वाटेचा आहे. बहुतेक प्रादेशिक संग्रहालयांतील पाट्या वस्तूचे नाव, द्रव्य, काळ आणि प्राप्तिस्थान एवढेच सांगून थांबतात. प्राप्तिस्थान हा शब्द तेथे एक रकाना भरतो. तो प्रेक्षकाला त्या स्थानाकडे पाठवीत नाही. ब्रह्मपुरी त्याच शहरात असूनही किती प्रेक्षक संग्रहालयातून निघून त्या टेकडीकडे जातात, याचा विचार केल्यास या पाट्यांचे अपयश ध्यानात येईल.

प्रादेशिक संग्रहालयाने परिसराचे आकलन घडविल्याची उदाहरणे महाराष्ट्रात नाहीत असे नाही. दिनकर केळकरांनी (१८९६-१९९०) पुण्यात उभारलेल्या संग्रहात दिवे, अडकित्ते, भांडी, कुलपे अशा घरगुती वस्तूंना मानाचे स्थान मिळाले. तलवारीइतकाच अडकित्ताही इतिहास सांगतो, ही त्यामागील दृष्टी होती. आज्ञापत्रातील परसातल्या भाजीची आठवण करून देणारी अशीच ही दृष्टी आहे.

याउलट एखादी वस्तू केवळ पराक्रमाची खूण म्हणून मांडली गेली की संग्रहालयाचे रूपांतर देव्हाऱ्यात होते. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे तीन वर्षांच्या कराराने भारतात आली आणि जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात प्रदर्शित झाली. अफजलखानाच्या वधात वापरलेली वाघनखे हीच, याची खातरजमा करता आलेली नाही, असे मूळ संग्रहालय स्वतःच सांगते. ही वस्तू साताऱ्यातील ब्रिटिश अधिकारी आणि मराठ्यांचा इतिहासकार जेम्स ग्रँट डफ याच्याकडून त्याच्या वंशजांकडे आली, हा तिचा ज्ञात प्रवास आहे. १८१८ नंतरच्या साताऱ्यातील सत्तासंबंध, भेटी आणि आठवणींचा व्यवहार समजावून घेण्यासाठी हा प्रवास अत्यंत मोलाचा आहे. परंतु खरी की खोटी या एकाच वादात तो झाकला गेला. वस्तूविषयीचा संशय प्रामाणिकपणे मांडल्याने प्रेक्षकाची श्रद्धा दुखावते, हा समज संग्रहालयांनी टाकून द्यावयास हवा.

राधानगरी : शिकारीचे रान, संरक्षित रान

राधानगरीचे रान हे संस्थानकाळात कोल्हापूरच्या राजांचे शिकारीचे राखीव रान होते. १९५८ मध्ये तेथे गव्यांसाठी दाजीपूर अभयारण्य घोषित झाले आणि महाराष्ट्रातील ते पहिले वन्यजीव अभयारण्य मानले जाते. १९८५ मध्ये त्याचा विस्तार होऊन क्षेत्र ३५१ चौरस किलोमीटर झाले. २०१२ मध्ये पश्चिम घाटाचा जागतिक नैसर्गिक वारसा म्हणून समावेश झाला, त्यात कास, कोयना आणि चांदोली यांच्यासह राधानगरीही आहे.

कोल्हापुरातील न्यू पॅलेसच्या संग्रहालयात शिकारीत मारलेले, पेंढा भरून ठेवलेले प्राणी पाहावयास मिळतात. तेच शहर सोडून राधानगरीला गेलेला प्रेक्षक जिवंत गवा दिसावा म्हणून तासन्‌तास वाट पाहतो. या दोन स्थळांमध्ये एकाच रानाचा इतिहास दुभंगलेला आहे. शिकारीसाठी राखलेले असल्यामुळे हे रान कुऱ्हाडीपासून वाचले आणि पुढे अभयारण्य होऊ शकले, ही इतिहासातील एक अवघड गोष्ट आहे. राजवाड्यातील प्रेक्षकाला ती कळत नाही, कारण तेथे राजवैभव दाखविले जाते. रानातील प्रेक्षकालाही ती कळत नाही, कारण तेथे निसर्ग दाखविला जातो आणि निसर्गाला इतिहास नसतो असा आपला समज आहे.

वास्तविक या अभयारण्याच्या हद्दीतच शिवगड हा लहानसा किल्ला आहे. राजर्षी शाहूंनी (१८७४-१९२२) आरंभ केलेल्या धरणाचे पाणी याच रानात साठते. गवळी धनगरांचे वाडे या डोंगरांत पूर्वापार आहेत. कोणती झाडे केव्हा मोहरतात, गवे कोणत्या वाटेने पाण्यावर उतरतात, याचे त्यांचे ज्ञान कोणत्याही माहितीफलकापेक्षा जुने आहे. तरीही अभयारण्याच्या प्रचलित वर्णनात त्यांचा उल्लेख आलाच तर पुनर्वसनाचा प्रश्न म्हणून येतो. पन्हाळ्यावरील रहिवासी आणि राधानगरीतील धनगर यांची स्थिती या बाबतीत सारखीच आहे. एकीकडे स्मारकाच्या आणि दुसरीकडे रानाच्या शुद्ध प्रतिमेत त्यांना जागा उरलेली नाही.

आज्ञापत्राच्या मर्यादा

आज्ञापत्राला निकष मानताना त्याचे दोषही पाहणे समीक्षेचे कर्तव्य आहे. झाडे राखण्याच्या सूचनेवरून अमात्यांना पर्यावरणवादी ठरविण्याचा मोह अलीकडे अनेकांना होतो. तो कालविपर्यास होय. घेऱ्यातील झाडी राखावयाची ती शत्रूची वाट अडविण्यासाठी आणि प्रसंगी लाकूड मिळावे म्हणून. निसर्गाच्या स्वतंत्र मूल्याची कल्पना त्यात नाही.

त्याहून महत्त्वाची मर्यादा म्हणजे हा राज्यकर्त्याचा ग्रंथ आहे. त्यात लोहार, पाथरवट, चांभार येतात ते कामाच्या यादीत. त्यांचा आवाज येत नाही. गडावरील सामान्य लोकांकडे ग्रंथकर्ता जबाबदारीने पाहतो, तसाच संशयानेही पाहतो. त्यामुळे आज्ञापत्र आपल्याला काय पाहावे याची यादी देते. कोणाच्या डोळ्यांनी पाहावे, हे मात्र आपल्याला अन्यत्र शोधावे लागते. दांडेकरांच्या कादंबऱ्या, ओव्या, स्थानिक दंतकथा आणि गडावर व रानात आज राहणाऱ्यांच्या आठवणी ही त्याची साधने होत.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतील.

१) किल्ला, संग्रहालय आणि अभयारण्य यांची फारकत प्रशासकीय आहे, ऐतिहासिक नाही. कोल्हापूर परिसरात घाटवाटा, पाणी आणि रान हे या तिन्हींचे समान अधिष्ठान आहे.

२) किल्ल्यावर श्रद्धेने, संग्रहालयात कुतूहलाने आणि अभयारण्यात करमणुकीसाठी पाहिले जाते. यांतील कोणतीही दृष्टी त्याज्य नाही. परंतु गडावर धान्याचा, संग्रहालयात वाटेचा आणि रानात माणसाचा प्रश्न विचारला गेल्याखेरीज ती अपुरी राहते.

३) एकाच जिल्ह्यातील राधानगरी नैसर्गिक वारसा म्हणून आणि पन्हाळा सांस्कृतिक वारसा म्हणून जागतिक यादीत आहे. पन्हाळ्याच्या नामांकनात 'भूप्रदेश' हा शब्द स्वीकारला गेला आहे. त्याचा अर्थ गांभीर्याने घ्यावयाचा तर गडाच्या तटाबाहेरील गावे, टाकी, राने आणि वाटा यांचाही माहितीफलकांत, पुस्तिकांत आणि वाटाड्यांच्या प्रशिक्षणात समावेश व्हावयास हवा.

४) गडावर व रानात राहणाऱ्यांचा वारशाच्या मांडणीत सहभाग असणे ही केवळ सामाजिक न्यायाची मागणी नाही. त्यांच्याविना मांडलेले दर्शन ज्ञानाच्या दृष्टीनेही अपुरे ठरते.

महाविद्यालयांना या बाबतीत फार मोठ्या साधनांची वाट पाहण्याचे कारण नाही. मराठी, इतिहास, भूगोल आणि वनस्पतिशास्त्र या विभागांच्या सहली आजही निघतात. फक्त त्या वेगवेगळ्या दिवशी आणि वेगवेगळ्या ठिकाणी निघतात. ब्रह्मपुरी, अंबरखाना आणि फोंडा घाटाच्या माथ्यावरील रान असा एकच प्रवास या चार विभागांनी एकत्र केला आणि वाटेत आज्ञापत्रातील दुर्गप्रकरण मोठ्याने वाचले, तर विद्यार्थ्यांना तीन स्थळांऐवजी एक प्रदेश दिसेल. येताना त्यांनी आपला कचरा गडाखाली न टाकता बरोबर परत आणला, तरी अमात्यांच्या निदान एका आज्ञेचे पालन होईल.